रातांबे फोडायच्या यंत्राचा पहिला नमुना कमी खर्चात कसा करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरची रातांब्यांची (कोकमाच्या फळांची) झाडं आहेत, हंगामात फोडायला माणसं मिळत नाहीत, म्हणून फळ कापून बी-गर वेगळा करणारं यंत्र डोक्यात आहे. फॅब्रिकेटरने स्टीलच्या नमुन्याचे ८०,००० रुपये सांगितले. ते घालावेत का, आणि कुणाला दाखवलं तर कल्पना चोरीला जाईल का?

पैसे आत्ता घालू नका. मी कुडाळला राहतो, काजू आणि कोकमवाल्यांना लागणारी छोटी अवजारं करतो, त्या अनुभवावरून सांगतो. पूर्ण यंत्र करायला घेतलंत की दहा शंका एकाच वेळी लोखंडात जाऊन बसतात आणि बिघडलं कुठे तेच कळत नाही. एका वेळी एकच शंका धरा, तेवढ्यापुरता ओबडधोबड नमुना करा, आणि सगळ्यात अवघड वाटतं त्यापासून सुरुवात करा.

तुमच्या यंत्रात अवघड काय? मोटर नाही, पट्टा नाही. लहानमोठं फळ पात्यासमोर न घरंगळता उभं राहतं का आणि बी न ठेचता कापलं जातं का, एवढंच. त्यासाठी १२ मिमी प्लायचा तुकडा घ्या, त्याला फळापेक्षा थोडं मोठं भोक पाडा, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मधोमध चीर देऊन त्यावर ताणून खिळ्यांनी ठोका. फळ त्या चिरेत दाबलं की रबर त्याला चहूबाजूंनी धरतं, मग फळ लिंबाएवढं असो की सुपारीएवढं. खाली सुरीचं पातं दोन लाकडी ठोकळ्यांत नट-बोल्टने आवळून बसवा, म्हणजे वायसर घालून त्याची उंची बदलता येईल. वरून लाकडी दट्ट्याने दाबा, बोटं लांब ठेवा. यात विकत घ्यावं असं फारसं काही नाही.

मग पाहायचं ते नीट पाहा. पातं बियांवर आदळून फळ तिरकं होतंय का? देठ वर असताना आणि आडवा असताना काप वेगळा येतो का? रस कुठे सांडतो? आमसुलं करताना सालं त्याच रसात बुडवून वाळवायची असतात, तेव्हा रस वाया गेला तर यंत्राने वेळ वाचवूनही उपयोग नाही. बियाही सांभाळायच्या, कारण कोकम तेल त्यांचंच निघतं. प्रत्येक बदलानंतर फोटो काढा आणि तारखेसह वहीत लिहा. आणि वर्षानुवर्षं रातांबे फोडणाऱ्या एखाद्या काकूंना तो नमुना हाताळायला द्या, तुम्ही बाजूला उभं राहून नुसतं बघा. त्या फळ कसं फिरवून धरतात, त्यातच अर्धं डिझाइन असतं.

कोकणात यंत्र करणाऱ्याची खरी अडचण हंगामाची आहे. रातांबे साधारण एप्रिल ते जून, त्यात पाऊस लवकर आला तर संपलंच. म्हणून चौकट, हँडल, उतरण ही कामं हिवाळ्यातच उरका. उतरणीला पीव्हीसी पाइप उभा चिरून वापरा, आकार तपासायला लिंबं चालतील. सालीचा आणि रसाचा अंदाज मात्र खऱ्या फळावरच येतो, तेव्हा हंगामाचे दिवस फक्त कापून बघण्यासाठी राखून ठेवा.

फिरवायला आधी हाताचं हँडलच लावा. हाताला किती जोर लागतो ते कळलं की मोटर निवडता येते. नंतर भंगारातली गाडीची वायपर मोटर बघा: १२ व्होल्टवर चालते, आत वर्म गिअर असल्याने हळू पण जोरात फिरते. रसाने ओल्या जागी २३० व्होल्टची मोटर नमुन्याला लावूच नका.

चोरीच्या भीतीबद्दल. जत्रेत, प्रदर्शनात किंवा व्हिडिओत यंत्र दाखवण्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज भरा. व्यक्तीसाठी ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये आहे आणि पूर्ण तपशिलाचा अर्ज त्यानंतर १२ महिन्यांत द्यावा लागतो. आधी जाहीर केलंत तर नावीन्यच जातं आणि पेटंट मिळणं कठीण होतं. त्याही आधी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घ्या, तो फुकट आहे. फॅब्रिकेटरकडे जायचंच झालं तर अख्खं यंत्र न सांगता सुट्या भागांची चित्रं द्या.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात जाऊन अभियांत्रिकीच्या लोकांशी जरूर बोला. आंबे देठासकट काढायचा नूतन झेला त्यांचाच, फळाला धक्का न लावता हाताळायचा विचार तिथे झालेला आहे. लेझर कटिंग किंवा थ्रीडी प्रिंटिंग लागलंच तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब (असे नमुने करून बघायची कार्यशाळा) आहे.

स्टील सगळ्यात शेवटी. रातांब्याच्या आंबट रसात साधं लोखंड टिकत नाही, फळाला लागणारे भाग निदान ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे हवेत. त्याच यंत्रावर आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस) काढणार असाल तर ३०४ वरही खड्डे पडतात, तेव्हा तेवढ्या भागांपुरता ३१६ ग्रेडचा भाव विचारा.