खोकल्याइतकंच पोटाकडं बघा

ताई, लेकराला सिस्टिक फायब्रोसिस (अंगातले स्राव घट्ट करणारा जन्मजात आजार) आहे म्हटल्यावर तुमचं सगळं ध्यान छातीकडं जाणार. माझंही तसंच झालं. वर्षभर खोकला मोजत बसले आणि लंगोटाला लागणारी तेलकट, उग्र वासाची शी 'दात येत असतील' म्हणून सोडून दिली. घट्ट स्रावानं स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात, पाचकरस आतड्यात पोचतच नाही. मग कितीही तूप चारा, अंगी लागत नाही. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही वाया जातात.

त्या पाचकरसाची भर काढणारी एन्झाइमची कॅप्सूल जेवणाच्या सुरुवातीला द्या, नुसतं दूध असलं तरी. गिळता येत नसेल तर उघडून आतले दाणे सफरचंदाच्या गार गरात घाला. कुटू नका, चावू देऊ नका. दाणा हिरडीत अडकला की तोंड येतं. 'तूप बंद करा' म्हणणाऱ्या शेजारणी भेटतीलच. हसून चहा पाजा, तूप चालूच ठेवा.

आपल्या परभणीकडचा उन्हाळा मात्र जपून. पारा 40 च्या वर गेला की घामातून मीठ भसाभस जातं. माझ्या पोराच्या निळ्या टोपीवर संध्याकाळी पांढरी रेघ उमटते. जास्तीचं मीठ किती द्यायचं ते मार्चमध्येच डॉक्टरांकडून लिहून घ्या. सुस्ती, उलट्या दिसल्या तर सकाळची वाट बघू नका.

यकृताची तपासणी दरवर्षी, दहाव्या वर्षापासून ग्लुकोज पाजून साखरेचीही. अन् मुलगा असेल तर एक अवघड गोष्ट: बहुतेकांत वीर्यनलिका तयारच होत नाही. उपचारानं बाप होता येतं, पण हे त्याला वयात येताना तुम्हीच सांगा, सोयरीक ठरताना कळायला नको.