लुइझियानातली जुनी प्लँटेशन हाऊस: एका दिवसात कोणतं आणि कसं बघावं?

ह्यूस्टनहून गाडीने न्यू ऑर्लिन्सला चाललात, सोबत आई-बाबा आणि दहा वर्षांची मुलगी, वाटेत एक दिवस मोकळा आहे आणि ओक ॲली, लॉरा, व्हिटनी यांतलं काय बघावं, हा तुमचा प्रश्न. माझं उत्तर: दोनच बघा. सकाळी व्हिटनी, जेवणानंतर ओक ॲली. पाऊस असेल तर ओक ॲलीऐवजी लॉरा. तिन्ही एका दिवसात उरकायला गेलात तर तिसऱ्या ठिकाणी आई-बाबा गाडीतून उतरणार नाहीत, आणि ते बरोबरच असेल.

आधी एक गैरसमज काढू. प्लँटेशन, म्हणजे गुलामांच्या श्रमावर चालणारा मोठा मळा, म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कापूस येतो. मिसिसिपीकाठच्या या पट्ट्यात मात्र ऊस होता. त्याआधी नीळ होती. 1795 मध्ये एतिएन द बोरे याने न्यू ऑर्लिन्सजवळ दाणेदार साखर फायद्यात काढून दाखवली आणि नदीकाठचे जमीनदार बघता बघता उसाकडे वळले. म्हणून ही घरं बघताना राजवाडा म्हणून बघू नका. हे साखर कारखान्याच्या मालकाचं घर आहे आणि कारखाना गुलामीत ठेवलेल्या माणसांच्या जिवावर चालत होता. जमिनीच्या पट्ट्या नदीपासून मागे दलदलीपर्यंत अरुंद आणि लांबलचक. नदीलगतची जमीन उंच, तिथे मालकाचं घर. त्यामागे मजुरांच्या खोपट्यांची रांग, आणखी मागे गाळपघर आणि ऊस. आवारात पुढून मागे याच क्रमाने चाला, म्हणजे सगळी मांडणी आपोआप उलगडते.

तुमच्या बाबांना गुऱ्हाळ माहीत असेल तर या सहलीत सगळ्यात जास्त त्यांनाच कळेल. या भागात आवारांमधून मोठमोठ्या लोखंडी कढया दिसतात. काही ठिकाणी त्यांत कमळं लावलेली असतात, कारंजी केलेली असतात, म्हणून लोक शोभेची वस्तू समजून पुढे जातात. त्या काहिली आहेत. आपल्याकडे एका चुलाणावर साधारण एक मोठी काहील. इथे एकाच जाळावर चार-पाच काहिली ओळीने बसवत. सगळ्यात मोठी जाळापासून लांब, सगळ्यात लहान थेट जाळावर. रस आटत जाईल तसा तो लांब दांड्याच्या पळ्यांनी उपसून पुढच्या, लहान काहिलीत ओतायचा. मळी काढणं, पाक दाण्यावर आलाय का ते ओळखणं, हे सगळं माणसाच्या नजरेवर. उकळता पाक अंगावर उडाला की चिकटून बसतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही. हे काम रात्रपाळीत, अर्धवट झोपेत चाले. मुलीला काहिलीच्या कडेवर हात ठेवून तिची रुंदी बघू द्या आणि मग हे सांगा.

रात्रपाळी का? थंडीमुळे. आपला आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा राहू शकतो. लुइझियानात हिवाळ्यात दव गोठतं. गोठलेला ऊस पुन्हा ऊब मिळाली की नासतो, रस आंबतो आणि साखर पडत नाही. म्हणून ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत तोडणी आणि गाळप दिवसरात्र, न थांबता. आजही गाळपाचा हंगाम तेव्हाच असतो, फरक इतकाच की तोडणी यंत्राने होते. या दिवसांत गेलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्यावर ऊस, पाचट जाळल्याचा धूर आणि उसाच्या गाड्या दिसतील. माझ्या मते जायला हाच हंगाम सगळ्यात चांगला. जुलै-ऑगस्ट टाळा: उकाडा कोकणातल्या मे महिन्यासारखा, आणि दुपारी हमखास वीज-पाऊस.

आता जागांबद्दल. व्हिटनी 2014 च्या डिसेंबरात लोकांसाठी खुली झाली आणि तिचा सगळा भर गुलामीत राहिलेल्या माणसांवर आहे. फिरणं बहुतेक उघड्यावर, सावली कमी, म्हणून सकाळी उघडल्या उघडल्या पोहोचा. मंगळवारी बंद असते. तिकडे जाऊन परत फिरणारे बरेच जण याच दिवशी फसतात. काळ्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर लुइझियानात गुलाम म्हणून नोंद झालेल्या 1,07,000 माणसांची नावं कोरली आहेत. मध्येमध्ये 1930 च्या दशकात म्हाताऱ्या झालेल्या माणसांनी सांगितलेल्या आपल्या गुलामीतल्या आठवणीही कोरल्या आहेत. तिथे घाई करू नका, निदान चार-पाच मजकूर उभं राहून पूर्ण वाचा. पुढे लहान मुलांचं स्मारक आहे: या एका परगण्यात वयाची तीन वर्षं पुरी व्हायच्या आत गेलेली 2,200 मुलं. 1811 च्या गुलामांच्या उठावाचंही स्मारक आहे, त्यात खांबांवर टांगलेली मुंडकी दाखवली आहेत. उठाव मोडल्यावर खरंच तसं केलं होतं. मुलीला आधी कल्पना द्या, किंवा तिच्यासोबत एकाने मागे थांबा. मोठ्यांनी मात्र ते चुकवू नये.

ओक ॲलीची ओळख म्हणजे ओकची दुतर्फा 28 झाडं. घर 1837 ते 1839 मध्ये बांधलं. झाडं त्याच्या कितीतरी आधीची. घराचे खांबही 28 आहेत. घर आणि आवार 1920 च्या दशकात स्ट्युअर्ट दांपत्याने दुरुस्त करून घेतलं. फोटो सगळे नदीच्या बाजूने घराकडे बघून काढतात. ते काढाच, पण मग घराच्या मागे जा. तिथे पुन्हा उभारलेल्या खोपट्या आहेत. मूळच्या नाहीत, हे लक्षात ठेवा. इथल्या माणसांची कागदोपत्री सापडलेली नावं भिंतीवर लिहिली आहेत. त्यांत अंतवान हे नाव शोधा. हा माळी. 1846-47 च्या हिवाळ्यात त्याने पिकानच्या (अक्रोडासारखा सुका मेवा) पातळ टरफलाच्या जातीचं कलम यशस्वी केलं, हाताने फोडता येईल अशा फळाचं. त्या जातीला पुढे 1876 च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं आणि तिचं नाव ‘सेंटेनियल’ पडलं. आज अमेरिकेत दुकानात पिकान मिळतो, त्या बागायतीची सुरुवात या कलमापासून धरतात. मालकाच्या मृत्यूनंतर झालेल्या मालमत्तेच्या यादीत अंतवानचं वय, हुनर आणि किंमत मात्र गुरांच्या यादीसारखी लिहिलेली आहे. हापूसची कलमं बांधणारे लोक आपल्याकडे किती मानाने वागवले जातात, ते आठवून ही ओळ वाचावी.

अशाच एका माणसाचं नाव बाबांना सांगा: नॉर्बेर रिल्यू. 1806 साली न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेला, वडील गोरे, आई कृष्णवर्णीय, स्वतः कायद्याने स्वतंत्र. त्याने काहिलींची ती रांगच निकामी केली. पहिल्या भांड्यातली वाफ दुसऱ्याला तापवते, दुसऱ्यातली तिसऱ्याला. निर्वातामुळे रस कमी उष्णतेवर उकळतो आणि करपत नाही. पेटंट 1843 आणि 1846 चं. कोल्हापूर-सांगलीच्या साखर कारखान्यात रस आटवायची जी उंच भांडी ओळीने उभी असतात, त्यांचं तत्त्व हेच.

लॉरा 1805 च्या सुमाराची, क्रिओल (लुइझियानातल्या जुन्या फ्रेंच वसाहतीच्या) पद्धतीची: भडक रंगाचं, विटांच्या खांबांवर उचललेलं लाकडी घर. 2004 मध्ये आग लागली, नंतर पुन्हा नीट केलं. सायप्रसच्या तुळयांवर कोरलेले रोमन आकडे गाईडला दाखवायला सांगा. तुळया आधी तासून, खुणा करून, मग जोडल्या होत्या. घर फक्त गाईडबरोबर बघता येतं, त्यामुळे वेळ ठरवून तिकीट काढावं लागतं, पण पावसात छप्पर डोक्यावर राहतं. आई-बाबांना जिने जमत नसतील तर लॉरा आणि ओक ॲली दोन्हीकडे आधी फोन करून विचारा.

रस्ता: आय-10 या महामार्गावरून 194 नंबरच्या एक्झिटला उतरा, ग्रामर्सीचा पूल ओलांडा. उतरून 18 नंबरच्या रस्त्याला लागलात की डावीकडे व्हिटनी, उजवीकडे लॉरा आणि तिच्यापुढे ओक ॲली. नदीच्या दोन्ही काठांना ‘रिव्हर रोड’ नावाचा रस्ता आहे आणि पूल मोजके, म्हणून काठ चुकलात तर अर्धा तास सहज जातो. तिन्ही जागा पश्चिम काठावर.

जेवणाचं आधी ठरवा. शाकाहारी असाल तर गंबो या इथल्या दाट रश्श्यात बहुधा मांस किंवा मासळी असते, राजम्यासारख्या दिसणाऱ्या रेड बीन्समध्येही बहुधा डुकराचं मांस घालतात. ‘मीट नाही ना?’ एवढं विचारून भागत नाही, ‘सॉसेज, हॅम, कोळंबी?’ असं एकेक नाव घेऊन विचारा. त्यापेक्षा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून न्या. प्रत्येकी दोन बाटल्या पाणी, टोपी, डासांचं मलम आणि चिखलात चालतील असे बूट.

शेवटी ओक ॲलीसमोरचा रस्ता ओलांडून बांधावर चढा. गवताचा उंच बांध असल्याने घरापासून नदी दिसतच नाही, आणि बरेच लोक ती न बघताच परततात. वर आलात की समोर मिसिसिपी, तिच्यावर मालवाहू बार्ज आणि दोन्ही काठांना रसायनांचे कारखाने दिसतील. पाण्यात उतरू नका, ओढ फार जबरदस्त आहे.