प्रश्न तुमचे: तारीख फुटली आणि वजन गायब

प्रश्न : आमच्या वणी तालुक्यातल्या कापूस खरेदीच्या नोंदी सी भाषेतली सामायिक लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो कोड) वाचते. ओळ अशी : ‘१२,०५-११-२०२४,,४.८०’ (पावती, तारीख, ओलावा, क्विंटल). ती आम्ही स्ट्रटोकनं (strtok, मजकुराचे तुकडे पाडणारं सीचं तयार फंक्शन) स्वल्पविरामावर तोडतो, मग तारीख दुसरं फंक्शन स्ट्रटोकनंच डॅशवर तोडतं. तारखेपुढचं काहीच येत नाही. का?

उत्तर : स्ट्रटोक आपली जागा एकाच लपलेल्या स्थिर पॉइंटरमध्ये (पत्ता ठेवणाऱ्या चलात) ठेवतं. तारीख तोडताना तो पुसला जातो. बाहेरच्या लूपला थेट नल (‘आता तुकडा नाही’ अशी खूण) मिळतो. स्ट्रटोक_आर (strtok_r) वापरा आणि प्रत्येक पातळीला वेगळा पॉइंटर द्या. मात्र ते सीच्या मानकातलं नाही, पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकातलं आहे. लिनक्सवर कंपायलरला -एसटीडी=सी११ (-std=c11) हा पर्याय लावला की या फंक्शनची घोषणा लपते; जुना कंपायलर नुसता इशारा देतो आणि ६४ बिटांचा पत्ता इंटमध्ये (३२ बिटांच्या पूर्णांकात) कापला जाऊन प्रोग्राम कोसळतो. -एसटीडी=जीएनयू११ (-std=gnu11) लावा.

एवढ्यानं भागणार नाही. दोन्ही फंक्शनं लागोपाठचे स्वल्पविराम एकच धरतात, म्हणजे ओलावा रिकामा असला की ४.८० ओलाव्याच्या रकान्यात बसेल. ही चूक जास्त वाईट, कारण कुठंच बोंब होत नाही.

म्हणून आम्ही स्वतःचं छोटं फंक्शनच लिहू : स्ट्रसीस्पॅन (strcspn) या तयार फंक्शननं पुढच्या स्वल्पविरामापर्यंतची लांबी मोजा, तेवढंच वेगळ्या बफरमध्ये (तात्पुरत्या जागेत) उतरवा (मजकूर संपल्याची खूण असलेलं शेवटचं शून्य विसरू नका), मग तिथं स्वल्पविराम असेल तरच लांबी अधिक १ पुढं सरका; ओळ संपली असेल तर थांबा. मूळ ओळही शाबूत राहते. त्याला ‘कापूस_तोड’सारखं नाव द्या, स्ट्रटोक हेच नाव दिलंत, तर लिनक्सवर इतर लायब्ऱ्यांचे कॉलही तुमच्याकडे वळू शकतात.