काट्यावरचा आकडा आणि आरसीवरचा आकडा

प्रश्न : मी नागपूरला मनीषनगरात राहते. गेल्या वर्षी आम्ही परराज्यातल्या एका बनवणाऱ्याकडून गाडीमागे ओढायची कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, साडेसात लाखांना घेतली. ती माझ्या नावावर आहे, गाडी यांच्या नावावर. कॅराव्हॅनच्या आरसीवर रिकामं वजन 920 आणि भरलेलं 1200 किलो आहे. वाडीच्या धर्मकाट्यावर गाडी जोडलेलीच ठेवून, फक्त कॅराव्हॅनची चाकं काट्यावर घेऊन मोजलं. सामानासकट 1310 भरली, सगळं उतरवल्यावर 1060. आमच्या गाडीचं रिकामं वजन 1560 आहे आणि गाडीच्या पुस्तिकेत ब्रेकवाला ट्रेलर 1100 किलोपर्यंत ओढावा असं लिहिलंय. विकणारा म्हणतो, "85 टक्क्यांचा नियम आहे, 1326 पर्यंत चालतं. आणि आरटीओनं पास केलीय ना?" दिवाळीत चिखलदऱ्याला जायचंय. सासरे आत आडवं होऊन येतो म्हणतात. जावं का? पैसे परत मिळतील का?

उत्तर : ताई, चिखलदऱ्याला जरूर जा, पण कॅराव्हॅन घरी ठेवून.

आधी त्या 1310 चं बघू, कारण विकणाऱ्याचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. जोडलेल्या कॅराव्हॅनचा थोडा भार हुकावर, म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूवर पडतो. कॅराव्हॅन नीट भरलेली असेल तर हा भार तिच्या वजनाच्या साधारण 5 ते 7 टक्के असतो. तुम्ही मोजलं ते चाकांवरचं. हुकावरचं काट्यावर आलंच नाही. ते धरलं तर भरलेली कॅराव्हॅन 1390 च्या आसपास जाते आणि रिकामी 1100 च्या वर. म्हणजे 85 टक्क्यांचा हिशेबही कोलमडला आणि रिकामी कॅराव्हॅनसुद्धा पुस्तिकेत बसेना.

तो 85 टक्क्यांचा 'नियम' मुळात कायदा नाहीच. ब्रिटनमध्ये नवख्या कॅराव्हॅनवाल्यांना दिला जाणारा सल्ला आहे तो : कॅराव्हॅनचं भरलेलं वजन गाडीच्या कर्ब वेटच्या, म्हणजे ढोबळमानानं रिकाम्या गाडीच्या वजनाच्या, 85 टक्क्यांच्या आत ठेवा. सल्ला चांगला आहे, पण गाडी बनवणाऱ्यानं घातलेली मर्यादा त्याहून कमी असेल तर मर्यादाच पाळायची, हे तिथलेही लोक सांगतात. विकणाऱ्यानं अर्धा सल्ला उचलला.

आता आपला कायदा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या व्याख्येत ट्रेलर, म्हणजे तुमची कॅराव्हॅनही, मोटार वाहनच आहे. खाजगी वापराचा असला तरी त्याला वेगळी नोंदणी लागते, आणि कलम 61 प्रमाणे ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे दिसावा लागतो (हा बहुतेक जण विसरतात). वजनाचं कलम 113. त्याच्या पोटकलम 3 मध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत : भरलेलं वजन आरसीवरच्या आकड्यापेक्षा जास्त नको, आणि रिकामं वजनही आरसीवरच्या रिकाम्या वजनापेक्षा जास्त नको. तुमची खरी अडचण ही दुसरी आहे. सामान तुम्ही उतरवाल, पण 920 ची कॅराव्हॅन 1060 च्या वर भरते ते कसं उतरवणार? पाण्याची टाकी भरलेली राहिली होती का, तेवढं बघून घ्या. 50 लिटर म्हणजे 50 किलो. तरी 140 किलोंचा फरक टाकीनं भरून निघणार नाही.

कलम 194 मध्ये दंड 20,000 रुपये, वर जादा वजनाच्या प्रत्येक टनामागे 2,000. कलमात 'चालवणारा' आहे तसा 'चालवू देणारा'ही आहे. मिस्टर स्टेअरिंगवर असले तरी कॅराव्हॅनची मालक म्हणून तुमचं नाव येऊ शकतं. 'आरटीओनं पास केली' हा बचाव इथे उभा राहत नाही. पासिंग झालं ते कागदावरच्या 920 किलोंचं. ही कॅराव्हॅन ह्याच गाडीला झेपते की नाही, हे आरसी सांगत नाही.

विमा कंपनी तिसऱ्या माणसाची भरपाई केवळ वजन जास्त म्हणून नाकारू शकत नाही; कलम 150 मधल्या बचावांत ते कारण नाही. पण तुमच्या स्वतःच्या नुकसानीच्या दाव्यात हीच काट्याची पावती तुमच्यावर उलटू शकते. आणि परतवाड्याच्या पुढे घाट लागतो. चढताना इंजिन तापेल, पण भीती उतरतानाची. मागचं वजन गाडीला ढकलायला लागलं की ब्रेक पुरत नाहीत. माणूस दगावला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 (निष्काळजीपणानं मृत्यू) आहे, आणि पुस्तिकेतली मर्यादा माहीत होती हे तुमच्या पत्रातच आहे. सासरेबुवांना पुढच्या सीटवर बसवा. चालत्या कॅराव्हॅनमध्ये कुणीही नको, पाच मिनिटांसाठीही नको.

पैशांबाबत मात्र तुमची बाजू भक्कम आहे. वजन खोटं सांगून विकणं हे ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली दोष आणि अनुचित व्यापारी प्रथा, दोन्हीत बसतं. किंमत 50 लाखांच्या आत, म्हणून जिल्हा आयोग. विकणारा परराज्यातला असला तरी तुम्ही राहता तिथे, म्हणजे नागपुरातच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. ती खरेदीपासूनच मोजा, वजन कळलं त्या दिवसापासून नको. वाद कशाला ओढवून घ्यायचा?

त्याआधी पुन्हा काट्यावर जा. ह्या वेळी कॅराव्हॅन सोडवून, पुढचं छोटं चाकही काट्यावर घेऊन, टाकी रिकामी करून मोजा. काट्यावर वैध मापन शास्त्र विभागाचा चालू शिक्का आहे ना, त्याचा फोटो घ्या. मग विकणाऱ्याला स्पीड पोस्टानं नोटीस आणि आरटीओला वजनातली तफावत कळवणारा अर्ज, दोन्ही एकाच आठवड्यात. अर्ज टाळू नका. चुकीच्या माहितीवर झालेली नोंदणी कलम 55 खाली रद्द होऊ शकते, आणि तुम्ही आपणहून सांगितलं हे तेव्हा कामी येतं. नोटीस गेल्यावर कॅराव्हॅन वापरू नका, नाहीतर 'वर्षभर फिरून आता परत देताहेत' हे वाक्य तुम्हाला आयोगात ऐकावं लागेल.

आणि वाडीच्या त्या दोन पावत्यांच्या आजच झेरॉक्स काढा. त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात.