मधली पानं कुठे गेली?

प्रश्न : आमच्या बचत गटात सोळा जणी आहेत. निम्म्यांच्या घरी हापूसची बाग. मोहोर टिकेल का, हप्ता फिटेल का, पोराला मुंबईत नोकरी लागेल का, याशिवाय दुसरा विषय नाही. गावात चित्रकलेचे निवृत्त गुरुजी आहेत, तालुक्याला समुपदेशक ताई येतात. दोघांना मिळून काही करता येईल का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : येईल. पण कोणी काय करायचं नाही, हे आधी ठरवा. गुरुजींनी चित्र सुधारायचं नाही आणि ताईंनी चित्राचा अर्थ सांगायचा नाही. ‘काळा रंग वापरला म्हणजे मन उदास’ असं सांगणारा कोणी आलाच, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. एका रंगावरून मनाचं निदान होत नसतं.

पद्धत तुमच्या जिल्ह्यातलीच घ्या. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. सुट्या चित्रांचा संच म्हणजे पोथी. एकेक पान उचलत कथा गायची. धास्तावलेलं मन या पोथीची मधली पानं गाळतं. ‘मोहोर करपला’ हे पहिलं पान आणि ‘घर गेलं’ हे थेट शेवटचं.

सोळा जणी एकदम नकोत. आठ-आठचे दोन गट करा, प्रत्येकी सव्वादोन तास. प्रत्येकीला ए-फोरच्या निम्म्या आकाराची जाड कागदाची सहा पानं द्या. कागद २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन) आसपासचा हवा. पातळ असला तर आपल्या दमट हवेत रंग लागताच फुगतो. पहिल्या पानामागे प्रत्येकीने काळजीचा आकडा लिहायचा, ० ते १०.

पहिल्या पानावर आज खरोखर जे घडलंय तेच काढायचं. सहाव्यावर ज्याची भीती वाटते ते. दोन्हींना दहा-दहा मिनिटं, जास्त नाही. मग ताईंनी एकच विचारायचं : ‘इथून तिथे पोचायला मध्ये काय काय घडावं लागेल?’ एका पानावर एकच घटना. फळ कमी धरलं, पेट्या कमी भरल्या, सोसायटीचा हप्ता थकला, नोटीस आली. झाली चार पानं. याला पाऊण तास सहज जातो, जाऊ द्या. आता जिथे आपला हात पोचतो तिथे गेरूचा ठिपका द्यायचा : हप्ता थकण्याआधी सचिवांना भेटणं, फळपीक विम्याची मुदत विचारणं. त्यातला एकच ठिपका निवडायचा आणि शेजारी वार लिहायचा. ‘लवकरच’ चालणार नाही, ‘मंगळवारी’ हवं. शेवटी पुन्हा आकडा.

बिघडतं ते बहुतेक वेळेच्या हिशोबात. सहावं पान रंगवण्यात तास गेला की मधल्या पानांना वेळ उरत नाही आणि बाई सगळ्यात वाईट चित्र डोक्यात घेऊन घरी जाते. आकडा दोनने किंवा जास्त चढला, तर ताईंनी तिच्याशी बाजूला बसून बोलल्याशिवाय तिला सोडू नये. कोणी जीव देण्याचं बोललं, तर पानं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. सहाव्या पानाचा शेवट गोड करायला कोणालाही लावू नका. आणि कृपा करून बक्षिसं ठेवू नका, प्रदर्शन भरवू नका. मग चित्र परीक्षकासाठी निघतं.

रंग घरीच करा. बाभळीचा डिंक एक भाग, कोमट पाणी दोन भाग, रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा. दोन चमचे गेरूला एक चमचा डिंकपाणी घालून घोटा, मग लागेल तसं पाणी. पांढऱ्याला खडू, काळ्याला काजळी. डिंक कमी पडला तर सुकलेला रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर चकाकतो आणि तडकतो. पावसाळ्यात डिंकपाण्याला बुरशी लवकर धरते, म्हणून लागेल तेवढंच करा. तयार स्केचपेनने काम भागेल, पण घोटण्याची दहा मिनिटं वाया जात नाहीत. हात चालू असला की तोंड सुटतं.

प्रश्न : २२ जुलै २०२१ च्या पुरात आम्ही माळ्यावर अडकलो होतो. पावसाळी ढग आले की मुलगी अजूनही बुडालेली घरंच काढते. तिला थांबवावं का?
— एक आई, चिपळूण

उत्तर : थांबवू नका. ‘पुन्हा पाणीच का?’ असंही विचारू नका. पाणी कुठवर आलंय, घरात कोण कोण आहे, पुढच्या पानावर काय होतं, एवढंच विचारा. चित्रात माणूस आला, होडी आली, पाणी पायरीभर उतरलं, तर गोष्ट पुढे सरकतेय. महिनाभर तेच चित्र जसंच्या तसं येत राहिलं आणि जोडीला झोपमोड, शाळेला नकार, सतत तुम्हाला चिकटून राहणं असेल, तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा.

‘पूर येणार नाही’ असा शब्द मात्र देऊ नका. वाशिष्ठी तो पाळेल याची हमी नाही. त्याऐवजी दोघी मिळून एक नकाशा काढा : घर, नदी, उंचावरची जागा, तिथे जायचा रस्ता. कोपऱ्यात पिशवी काढा आणि आत काय ते तिलाच काढू दे : प्लॅस्टिकमध्ये बांधलेली कागदपत्रं, टॉर्च, आजीच्या गोळ्या. मग खरी पिशवी भरून नकाशा दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. पुढे काय, या विचाराने छातीत धडधडतं. चित्रकला येत नाही. मंडल, म्हणजे गोल नक्ष्या, रंगवायची पुस्तकं घ्यावीत का?
— वय २२, वेंगुर्ले

उत्तर : पैसे खर्चू नका. २००५ मध्ये नॅन्सी करी आणि टिम कॅसर या संशोधकांनी विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम अस्वस्थ केलं, मग २० मिनिटं रंगवायला दिलं. मंडल किंवा चौकटी रंगवणाऱ्यांची अस्वस्थता उतरली. कोऱ्या कागदावर मनाला येईल ते रंगवणाऱ्यांची तशी उतरली नाही. म्हणजे आखलेली रेघ कामाला येते, आणि ती ठिपक्यांच्या रांगोळीतही आहेच. वहीत सात बाय सात ठिपके मांडा, जोडा, भरा.

हा उतारा तात्पुरता. मूळ काळजीसाठी संध्याकाळची २० मिनिटं राखून ठेवा. दिवसभर येणारा विचार एका शब्दात टिपून त्या वेळेवर ढकला, तेव्हा सविस्तर लिहा. झोपायच्या तोंडावर ही वेळ ठेवू नका. दोन आठवडे झोप किंवा भूक उडालेली असेल, तर वहीवर भागवू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतून बोलता येतं. समोरासमोर भेटायचं असेल तर ओरोसला जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारून जा.