संध्याकाळी सहाची भूक आणि चिरमुरे : वजन कमी करताना तांदळाचं खाणं चालतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की डाएटिशियनने भात बंद केलाय, ऑफिसात संध्याकाळी सहाला पोटात कावळे ओरडतात, आणि कुरमुरे, पोहे, इडली हेही शेवटी तांदळाचंच, मग ते चालेल का, की सरळ राईस केक (फुगवलेल्या तांदळाच्या दाबून केलेल्या चकत्या) मागवावेत.

चालतं. मी दहा महिन्यांत 86 वरून 77 वर आलो आणि त्या दहा महिन्यांत चिरमुरे एकही आठवडा सुटले नाहीत (आमच्या सांगलीकडं चिरमुरे, पुण्यात चुरमुरे, मुंबईत कुरमुरे, विदर्भात मुरमुरे, माल तोच). पण त्याआधी दोन वर्षं वजन वाढत गेलं तेही चिरमुरे खाऊनच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही, मशीन डिझाईनमधला माणूस आहे, मोजायची खोड आहे एवढंच.

तर झालं असं. आई सांगलीहून पुण्याला येताना दरवेळी भडंग घेऊन येते, पत्र्याचा मोठा डबा भरून. तो डबा ओट्यावर. मी ऑफिसातून आलो की बूट काढायचे, हात धुवायचे आणि उभ्या उभ्याच वाटी भरून घ्यायची, मग दुसरी, मग बायकोशी बोलता बोलता तिसरी, चौथी मोजायची नाही कारण ती डब्यातूनच मुठीनं. आणि मनात काय, तर आपण वडापाव सोडलाय, समोसा सोडलाय, हलकं खातोय. चिरमुरे हलकेच की! फुंकर मारली तर उडतात.

मग मी बॅटरीवर चालणारा छोटा वजनकाटा आणला आणि दिवाळीच्या आधी आई भडंग करत होती तेव्हा काटा घेऊन शेजारी उभा राहिलो. चिरमुरे पाव किलो. ते आधी कोरड्या कढईत गरम करून कुरकुरीत केलेले. मग तेल तापलं, त्यात शेंगदाणे, सालासकट ठेचलेला लसूण, कढीपत्ता, डाळं, हळद, तिखट, शेवटी मेतकूट, मीठ आणि पिठीसाखर. तेल मोजलं तर 100 ग्रॅम, शेंगदाणे 200, डाळं 50, साखर 30. मी म्हटलं आई तेल जरा कमी कर की, तर म्हणाली, "एवढ्याशिवाय लसूण कुरकुरीत होणार कसा, आणि काय होतंय रे चार चिरमुऱ्यानं?"

आता हिशोब बघा. पाव किलो चिरमुऱ्यांच्या कॅलरी साधारण 975. तेलाच्या 900. शेंगदाण्यांच्या 1,130 च्या आसपास. डाळं आणि साखर मिळून 300. एकूण 3,300 च्या पुढंमागं, म्हणजे त्या डब्यात चिरमुऱ्यांचा वाटा तिसरा हिस्सासुद्धा नाही. आणि मी रोज संध्याकाळी खायचो ते वजन करून बघितलं तर 120 ग्रॅम. सहाशे कॅलरी! ज्वारीच्या तीन भाकरी होतात तेवढ्यात, आणि वर रात्रीचं जेवण वेगळं, ते काय सुटत नव्हतं. आईचं म्हणणं एका अर्थी खरंच होतं, चार चिरमुऱ्यांनी काही होत नाही, होतं ते त्यांच्याबरोबर जे येतं त्यानं.

पण म्हणून नुसते कोरडे चिरमुरे खाल्ले की प्रश्न मिटला असं पण नाही. मी ते पण करून बघितलं. शिजवलेला भात 100 ग्रॅम घेतला तर 130 कॅलरी असतात आणि चिरमुरे 100 ग्रॅम घेतले तर 390 च्या आसपास. तांदूळ तोच, फरक एवढाच की भातात दोन तृतीयांश पाणी असतं आणि चिरमुऱ्यात हवा. पाणी पोटात जागा धरतं, हवा फक्त वाटीत धरते, तोंडात गेली की संपली. त्यात चिरमुरे बनतात कसे, तर साळ भिजवून, उकडून, वाळवून, तिचे तांदूळ काढून, त्याला मीठ लावून भट्टीतल्या तापलेल्या वाळूत परततात, तेव्हा तो दाणा फुगतो. इतका फुगून मोकळा झालेला दाणा पचतोही पटकन, रक्तात साखर पटकन चढते आणि तासाभरात परत काहीतरी चघळावंसं वाटायला लागतं. प्रोटीन म्हणाल तर 25 ग्रॅममध्ये जेमतेम 2 ग्रॅम. आणि मीठ आधीच लावलेलं असतं हे बीपीवाल्यांनी लक्षात ठेवा, वरून परत चाट मसाला मारू नका. साळीच्या लाह्यांना ते मीठ नसतं, त्या थेट साळीच्याच फुटतात, पण आपण त्या लक्ष्मीपूजनाला बत्तासे घालून आणतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो.

मला जे समजलं ते असं की तांदळाच्या खाण्याकडं बघताना तांदूळ किती हे नंतर, आधी त्यात काय शिरलंय ते बघायचं, पाणी, तेल की हवा. या एका गोष्टीवर माझं संध्याकाळचं खाणं मी बदललं, भात-बित काही बंद केला नाही.

म्हणजे ओली भेळ. 25 ग्रॅम चिरमुरे, हे दिसायला भरपूर दिसतात, एक मोठा सूपचा बाऊल भरतो, कॅलरी शंभर. त्यात एक कांदा, एक टोमॅटो, अख्खी काकडी बारीक चिरून, कैरीच्या दिवसात कैरी, वाटीभर मोड आलेले मूग जरा वाफवून, कोथिंबीर, मिरची, लिंबू. शेंगदाणे पाहिजेतच कारण माझ्या जिवाला चैन पडत नाही, पण मोजून 10 ग्रॅम, भाजलेले. तेल शून्य, फरसाण शून्य. शेव हवीच असेल तर वरून चिमूटभर, चव लागते पण डोंगर होत नाही. चिंचेच्या गोड चटणीत गूळ-खजूर असतो, ती एक चमचा पुरे. हे सगळं अडीचशे-तीनशे कॅलरीत बसतं आणि रात्री साडेआठपर्यंत मला काही लागत नाही. मूग आणि काकडी वगळून केली तेव्हा साडेसातलाच डबे उघडायला लागलो होतो, म्हणजे काम मूग-काकडी करतात, चिरमुरे कुरकुरीतपणापुरते.

ऑफिसात कसं जमवायचं, तर चिरलेलं सगळं एका डब्यात, चिरमुरे वेगळ्या, लिंबू अख्खं. सकाळी मिसळून नेलंत तर सहाला लगदा होईल आणि मग तुम्ही कॅन्टीनला जाल, मी गेलोय.

दुसरा प्रकार सुशीला. मराठवाडा-सोलापूरकडच्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो की पोह्यांसारखेच करतात पण चिरमुऱ्यांचे. चिरमुरे पाण्यातून काढून लगेच दाबून निथळायचे, एक चमचा तेलात मोहरी, कांदा, मिरची, कढीपत्ता, हळद, त्यात चिरमुरे, वरून डाळ्याचं किंवा दाण्याचं कूट, लिंबू, झालं. यात हवेच्या जागी पाणी शिरतं, तेच 40 ग्रॅम चिरमुरे डिशभर गरम खाणं होतं. माझी बायको लातूरची, तिच्याकडं हा रविवारचा नाष्टा, आणि मी लग्नानंतर पाच वर्षं याला "मऊ पडलेले चिरमुरे" म्हणून नाकं मुरडत होतो.

पोह्यांचं पण तेच. कोरडे पोहे 50 ग्रॅम म्हणजे 175 कॅलरी, भिजले की प्लेट भरते. पुढं तेल किती ते तुमच्या हातात. मोठा चमचा तेल म्हणजे 120 कॅलरी, आणि आपल्याकडं कढईत तेल चमच्यानं कुणी घालत नाही, पळीनं किंवा थेट किटलीतून घालतात. टपरीवरचे पोहे कागदावर घेऊन बघा, कागद पारदर्शक होतो, मग वेगळं सांगायला नको. दडपे पोहे करून बघा, कच्चा कांदा, ओलं खोबरं, टोमॅटो, लिंबू, फोडणी चमचाभर, पातळ पोहे त्या ओलाव्यातच मऊ होतात. नागपूरच्या तर्री पोह्यांची लोक उगाच बदनामी करतात, वरचा तवंग बाजूला केला तर खाली हरभरे असतात, नुसत्या पोह्यांपेक्षा ते पोटाला जास्त धरतं. तवंग बाजूला केला तर, हे महत्त्वाचं, आणि तो कुणी बाजूला करत नाही हेही खरं.

इडलीबद्दल घाबरू नका. घरची एक इडली 55-60 कॅलरी, तेल नाही, पाणी भरपूर, आणि तांदळाबरोबर उडीद डाळ असल्यामुळं प्रोटीन पण बरं मिळतं, तांदळात जे कमी असतं ते डाळीत असतं. तीन इडल्या आणि वाटीभर सांबार खाल्लं तर छान जेवण होतं. हॉटेलात "इडली-वडा मिक्स" म्हटलं की गणित बिघडलं. आंबोळी पण त्याच घरातली. घावन, तांदळाची ताकातली उकड हे पण चालतं, उकडीवर कच्चं तेल घेताना मात्र हात आखडता (हे कोकणातल्या माणसाला सांगायचं म्हणजे धाडसच). चकली, तळलेल्या तांदळाच्या पापड्या, फेण्या या वेगळ्या वाटेच्या, त्या सणाला खा आणि सण म्हणून खा. फेण्या भाजून किंवा मायक्रोवेव्हमध्ये पण फुलतात, तळल्यासारख्या लागत नाहीत पण वरण-भाताबरोबर खपून जातात.

आणि एक, उपासाच्या दिवशी साबुदाणा-भगर खाऊन "आज तांदूळ नाही" म्हणून खूश होणारे आमच्या घरात तीन जण आहेत. तांदूळ नाही हे बरोबर. बाकी स्टार्च तोच, शेंगदाण्याचं कूट दुप्पट आणि तूप मोकळ्या हातानं.

आता ज्यात मी फसलो ते. मधे दोन महिने मी दुकानातून "डाएट चिवडा" आणायचो, पाकिटावर मोठ्ठं "रोस्टेड", हिरवं पान, कंबरेला टेप लावलेली बाई. पोहे भाजलेलेच होते, खोटं नव्हतं. पण मागं बारीक अक्षरात पामतेल, साखर, शेंगदाणे सगळं होतं, 100 ग्रॅमला फॅट 20 ग्रॅमच्या वर, आणि "एका सर्व्हिंगमध्ये अमुक कॅलरी" असं जे छापलं होतं ते सर्व्हिंग 20 ग्रॅमचं. वीस ग्रॅम चिवडा म्हणजे दोन मुठी! कोण खातं दोन मुठी? पाकिटाची पुढची बाजू वाचूच नका, उलटं करून 100 ग्रॅमचा रकाना बघा आणि तुम्ही खरंच किती खाता त्यानं गुणा.

मध्यंतरी अख्ख्या महाराष्ट्रात दीक्षित की दिवेकर चाललं होतं ते आठवत असेल. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं म्हणणं दिवसातून दोनदाच जेवायचं, आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत उरकायचं, म्हणजे त्या हिशोबात तुमचा सहाचा प्रश्नच उरत नाही, चिरमुरे नाहीत आणि काकडी पण नाही. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं उलट, आपल्या भागातलं घरचं खा, भाताला घाबरू नका. मी पहिलं तीन आठवडे केलं, दर शुक्रवारी ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस, दर शुक्रवारी माझं पानिपत. ज्यांना जमतं त्यांना जमतं, माझ्या मावसभावाला जमलं. मला ठरलेल्या वेळी ठरलेलं खाणं जमलं. तुम्ही कशात टिकाल ते तुम्हालाच माहीत, पण डाएटिशियन बदलायच्या आधी तिला एकदा विचारा की भात बंद म्हणजे नक्की काय, रात्रीचं ताट हलकं करायला सांगितलंय की तांदूळ हा पदार्थच नको. बऱ्याचदा पहिलं असतं आणि आपण दुसरं ऐकतो.

डायबेटिस किंवा प्री-डायबेटिस असेल तर मात्र माझं ऐकू नका, डॉक्टरांना विचारा, कारण कोरडे चिरमुरे आणि पोहे साखर पटकन चढवतात. घरी ग्लुकोमीटर असेल तर खाल्ल्यावर दोन तासांनी बघा, आमच्या आईनं तसंच बघून रिकाम्या पोटी चिरमुरे सोडले. भडंग करायचं सोडलं नाही, आता डबा माझ्याकडं न येता बहिणीकडं जातो.

राईस केकचं राहिलं. एक चकती साधारण 9 ग्रॅमची, 35 कॅलरी. म्हणजे आपले चिरमुरेच, दाबून गोल केलेले, आतमध्ये परत हवाच. वाईट नाहीत, पण नुसते खाऊन तुमची सहाची भूक भागणार नाही, आणि पीनट बटर लावून खाल्लेत तर ते आईचं भडंग झालं. आणलेच असतील तर वर घट्ट दही, काकडी आणि मिरपूड घालून दोन खा. नसतील आणले तर कोपऱ्यावरच्या वाण्याकडून पाव किलो चिरमुरे आणा, दहा दिवस पुरतात, डबा ओट्यावर ठेवू नका.