हाताने घडवलेली एबोनाइटची शाईपेनं जमवायची आहेत. सुरुवात कुठून करू? ती गळतात म्हणतात, ते खरं का? आणि आजोबांचं एक पेन तपकिरी पडलंय, त्याचं काय करू?

तुम्ही विचारलंय तीन गोष्टींबद्दल: पहिलं पेन कुठलं घ्यावं, ही पेनं रोजच्या कामाला चालतात की खिसा रंगवतात, आणि आजोबांचं जे पेन तपकिरी पडलंय ते पुन्हा काळं करून घ्यावं का. मधल्यापासून सुरू करतो, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप सुटतं.

रोजच्या कामाला चालतात, आणि छान चालतात. माझ्या ऑफिसातल्या टिपणांपासून वाण्याच्या यादीपर्यंत सगळं याच पेनांनी लिहिलं जातं. उलट संग्रह म्हणून काचेच्या कपाटात, दिव्याखाली मांडून ठेवली तर ती लवकर खराब होतात. याचं कारण एबोनाइटच्या घडणीतच आहे.

एबोनाइट म्हणजे रबरच. झाडाच्या चिकाचं रबर, त्यात तीसेक टक्के गंधक, आणि मग बराच वेळ उष्णता. साध्या रबरी वस्तूत गंधक अगदी थोडं असतं म्हणून ती ताणली जाते. इथे इतकं गंधक पडतं की माल लाकडासारखा कडक होतो, लेथवर कातता येतो, आटे पाडता येतात आणि पॉलिशही चांगलं घेतो. नेल्सन गुडइयरने अमेरिकेत याचं पेटंट १८५१ मध्ये घेतलं. पुढे कित्येक दशकं जगभरची फाउंटन पेनं याचीच होत. सेल्युलॉइड आणि प्लास्टिक आल्यावर मोठ्या कंपन्यांनी ते सोडलं, आपल्याकडच्या छोट्या कारागिरांनी मात्र सोडलं नाही. आजही क्लॅरिनेट-सॅक्सोफोनची तोंडं आणि शाईपेनं हेच त्याचे मुख्य शौकीन.

तर हे गंधक पुरतं गप्प बसत नाही. ऊन आणि दमट हवा लागली की पृष्ठभागावर त्याची रासायनिक क्रिया सुरू होते. काळा रंग आधी शेवाळी होतो, मग तपकिरी. म्हणून पेनांची जागा बंद पेटीत, खणात किंवा खिशात. चांदीच्या वस्तूंशेजारी तर अजिबात ठेवू नका, चांदी काळी पडेल. नवं पेन उघडल्यावर काडेपेटीसारखा मंद वास येतो तोही गंधकाचाच. पॉलिश केलेल्या पेनला कमी, खरखरीत ठेवलेल्याला जास्त. वापरता वापरता जातो.

आता गळण्याबद्दल. यातली बरीचशी पेनं ड्रॉपरने भरायची. आत नळी नाही, पिस्टन नाही, पेनचं अंगच दौत. आटे फिरवून पुढचा भाग काढायचा, अंग उभं धरायचं आणि ड्रॉपरने शाई सोडायची, ती आट्यांच्या थोडी खालीच थांबवायची. कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इतर पेनांत बसवतात त्या शाई ओढणाऱ्या छोट्या नळीत, एक मिलिलिटरही शाई धड मावत नाही, मोठ्या अंगाच्या पेनात तीन-चार सहज मावते. महिनाभर भरायला नको असं लिहिणारेही आहेत.

पण जेवढी शाई बाहेर जाते तेवढी हवा आत येते. शाई पाव भागावर आली की आत हवेचा मोठा फुगा असतो. तुम्ही पेन धरता, बोटांची ऊब आतल्या हवेला लागते, हवा फुगते आणि शाईला खाली ढकलते. मग अर्जाच्या नेमक्या सहीच्या रकान्यात टपोरा थेंब. हा दोष पेनचा नाही, भौतिकशास्त्राचा आहे, आणि त्यात एबोनाइट इतरांपेक्षा बरंच सोशिक. ते उष्णता सहजी पुढे जाऊ देत नाही आणि कारागीर भिंतही जाड ठेवतात. तोच साचा पातळ अॅक्रिलिकचा घ्या, फरक लगेच कळतो.

इलाज साधा आहे: पेन रिकामं होईपर्यंत वाट पाहू नका, पाव भाग उरला की भरा. खिशात निब वर. पुण्याला जाताना खंडाळ्याचा घाट चढलात तरी बाहेरचा दाब कमी होतो, विमानात तर होतोच. निब वर असली की आतली जास्तीची हवा मुकाट निघून जाते, खाली असली की शाई घेऊन निघते. वर पोचल्यावर टोपण काढतानाही पेन उभंच धरा.

आट्यांमधून शाई पाझरते ही वेगळी तक्रार. चांगल्या कारागिराचे आटे लांब आणि घट्ट असतात, पण तरी सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवावं, अगदी पातळ. व्हॅसलीन नको. घरात असतं म्हणून लोक लावतात, पण रबराला पेट्रोलियमचं वावडं आहे.

पहिलं पेन कुठलं? माझं मत असं की रंगांवर जाऊ नका, गावांवर जा. हिरवं, निळं, ठिपक्यांचं, लाटांचं अशी एकाच घडणीची पाच पेनं घेण्यात मजा नाही. प्रत्येक कारखान्याचा हात वेगळा असतो आणि तो हातात घेतल्यावरच कळतो.

आंध्रातल्या राजमहेंद्रीपासून सुरुवात करता आली तर उत्तम. आपल्या त्र्यंबकची गोदावरी समुद्राला मिळण्याआधी या गावाजवळून जाते. तिथे के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशीच्या हाकेला ओ देऊन १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पेनं करायला घेतली. यात आपल्याकडचा धागा वर्ध्याचा आहे. रत्नम यांचं पेन अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोचलं, आणि जुलै १९३५ मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून पत्र लिहून आभार मानले: पेन वापरून पाहिलं, बाजारातल्या विदेशी पेनांना चांगला पर्याय वाटतो. लक्षात घ्या, त्यांनी ते आधी वापरलं आणि मग अभिप्राय दिला. त्याच गावात गायडर हे पेन करणारेही आहेत. हैदराबादला डेक्कन पेन स्टोअर्स, चेन्नईला जुनं जेम अँड कंपनी, चेन्नईजवळ तिरुवळ्ळूरला रंगा. रंगाची मॉडेलं नुसत्या आकड्यांनी ओळखली जातात आणि त्यांच्याकडे आकार, रंग, निब सगळं सांगून करून घेता येतं. मुंबईचं म्हणाल तर एअरमेल, ज्यांचं वॅलिटी हे नाव जुन्या लोकांना आठवेल. त्यांची एबोनाइटची पेनं खिशाला परवडणारी असतात आणि पहिलं पेन म्हणून त्यात काही वावगं नाही.

किमतीबद्दल एवढंच सांगतो की साधं काळं, ड्रॉपरचं, देशी निबेचं पेन स्वस्त पडतं. जर्मन निब आणि कन्व्हर्टर घातला की तेच अंग बरंच महाग होतं. मागणी नोंदवल्यावर थांबावं लागतं. एक माणूस लेथवर बसून करतो, कुरियरवाल्यासारखा तगादा लावू नका.

पेन हातात आलं की आधी काय बघायचं? टोपण लावून सावकाश फिरवा आणि टोपण-अंगाचा सांधा नखाने चाचपा. सगळीकडे सारखा लागला पाहिजे. अंग उघडून आत बघा, छिद्र मधोमध आहे का, भिंत एका बाजूला पातळ तर नाही ना. कातताना पडलेल्या बारीक रेघा भिंगातून दिसतील, त्या दोष नाहीत. त्या आवडत नसतील तर हाताने केलेलं पेन घेऊच नका. एकदा माझ्याकडे आलेल्या पेनमध्ये एबोनाइटचा भुसा तसाच राहिला होता, आणि आठवडाभर शाई अडकत होती. तेव्हापासून कुणाचंही नवं पेन असो, आधी साध्या गार पाण्याने, भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून धुतो. गरम पाणी नको, त्याने काळी चमक एका क्षणात राखाडी होते.

खरी मेख निबेत. अंग कितीही सुंदर असू द्या, लिहिते ती निब आणि तिच्या पोटाखालची, शाई निबेपर्यंत आणणारी जीभ. यातल्या बऱ्याच पेनांत दोन्ही नुसती दाबून बसवलेली असतात, म्हणजे ती घरी जुळवता येतात. निब उजेडासमोर धरा. मधली चीर टोकापर्यंत सरळ यायला हवी आणि दोन्ही पाती एका पातळीत हवीत. मग आडवी धरून बाजूने बघा. निब आणि जीभ यांच्यात उजेड दिसला तर शाई तिथे तुटणार, ओळ अधेमध्ये कोरडी जाणार. जीभ एबोनाइटचीच असेल तर उपाय आहे. निब-जीभ जोडीने बाहेर काढायची, फक्त ती दोन्ही कपभर कडक पाण्यात अर्धा मिनिट धरायची, बाहेर काढून अंगठ्याने निबेवर दाबून गार होईपर्यंत धरून ठेवायची. जीभ मऊ होऊन निबेच्या वळणाला बसते. प्लास्टिकच्या जिभेला हे लाड चालत नाहीत. पेनचा पुढचा भाग मात्र त्या पाण्यात जाऊ देऊ नका.

निब निवडताना परदेशी लोकांच्या व्हिडिओंवर विसंबू नका, ते रोमन लिपी लिहितात. आपल्याला क्ष, झ, भ, ध लिहायचे असतात. जाड निबेने लहान अक्षर काढलं की ध आणि भ यांच्या गाठी भरून जातात, आणि आठवड्यानंतर आपलंच लिहिलेलं आपल्याला लागत नाही. वहीच्या एका ओळीत लिहीत असाल तर फाइन किंवा फार तर मीडियम. शिवाय शिरोरेषा: डावीकडून उजवीकडे अखंड ओढलेली रेघ निबेची सगळी अंडीपिल्ली बाहेर काढते. दुकानात निब तपासताना इंग्रजी सही करू नका, एक लांबलचक शब्द लिहून त्यावर एका दमात शिरोरेषा द्या. कुठे अडखळली, कुठे कोरडी गेली, लगेच दिसतं.

एबोनाइटची जीभ शाई सढळ सोडते. त्यात आपल्या शाळेच्या वह्यांचा कागद. शाई फुटते आणि मागच्या पानावर उमटते, तेव्हा पेनला बोल लावण्याआधी कागद बदलून पाहा. शाईचं म्हणाल तर साध्या, पाण्यात विरघळणाऱ्या शायाच भरा. कॅमलची निळी मला अजून पुरते. १९३१ साली दांडेकरांनी मुंबईत शाईच्या पुडी-वड्यांपासून सुरू केलेला तो धंदा; शाई सौम्य, पाण्याने लगेच निघते. म्हैसूरची ब्रिल आणि कोलकात्याची सुलेखाही चांगल्या. चित्रकलेची वॉटरप्रूफ इंडियन इंक या पेनांत कधीही घालू नका. ती जिभेच्या खाचांत वाळली की पेन जवळजवळ गेलंच.

राहिलं आजोबांचं पेन. तपकिरी झालेला थर पॉलिश पेपरने घासून काढता येतो, खालून काळं निघतं. पण त्याबरोबर अंगावर कोरलेलं नाव आणि नक्षीही जाते, आणि उजेडात ठेवलं तर पुन्हा तपकिरी होतंच. मी असतो तर तसंच ठेवलं असतं. एवढंच करा: गार पाण्यात पुढचा भाग, फक्त निबेकडून, तासभर बुडवून ठेवा, पाणी बदला, शाई सुटत राहील तोवर पुन्हा करा. अख्खं पेन रात्रभर भिजत घालू नका, तपकिरी रंग आणखी उठेल. आटे घट्ट बसले असतील तर पक्कड लावू नका. केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा दुरून द्या आणि दोन्ही हातांत जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे धरून फिरवा. जुनं एबोनाइट ठिसूळ असतं, घाईत तडा जातो.

निब खराब निघाली तर नवी बसवता येते, कुठलाही पेन दुरुस्तीवाला करून देईल. पण जुनी त्याच्याकडे सोडण्याआधी भिंगातून बघा, तिच्यावर १४ के किंवा १४ सीटी असं काही कोरलंय का. तसं असेल तर ती सोन्याची असण्याची शक्यता आहे. मग ती बदलायची नाही, सरळ करून घ्यायची.